स्क्रीन शाबूत, तरी संगणक भंगारात

मा. संपादक,
स. न.

मी गिरगावात राहतो आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका गाळ्यात संगणक दुरुस्त करतो. आमच्या पोटमाळ्यावर सध्या 'ऑल-इन-वन', म्हणजे स्क्रीन आणि संगणक एकाच पेटीत असलेले संगणक साठले आहेत. त्यांतल्या बहुतेकांची स्क्रीन ठणठणीत आहे. कुणाचा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड गेलाय, तर कुणाचं काहीच गेलेलं नाही, नवी विंडोज त्यावर चढत नाही इतकंच. मालक विचारतात, "निदान मॉनिटर म्हणून तरी चालेल ना?" बहुतेक वेळा नाही म्हणावं लागतं, आणि चांगली २४ इंची स्क्रीन भंगारात जाते. शाळा, क्लास, पतपेढ्या आणि वाचनालयं यांच्याकडून या संगणकांची विचारणा वाढते आहे, म्हणून खरेदीच्या आधीच हे त्यांच्या कानावर घालावंसं वाटलं.

या यंत्रांना माझा विरोध मुळीच नाही. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत याहून सोयीचा संगणक नाही. एक वायर, एक टेबल, आणि गणपतीत मखरासाठी जागा करायची तर एका हाताने उचलून कपाटावर ठेवता येतो. दुसरं कारण जुनं आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर कुर्ला, कलिना, सायन या भागांतून आमच्याकडे सीपीयूचे डबे चिखलासकट येत होते. सगळे टेबलाखाली, जमिनीवर ठेवलेले. वरचे मॉनिटर कोरडे होते, पण हिशेब, पत्रिका, प्रबंध सगळं खालच्या डब्यात. ऑल-इन-वन टेबलावर असतो, भिंतीवरही टांगता येतो. पाणी भरणाऱ्या भागातल्या तळमजल्याच्या दुकानदाराला मी आजही तोच सुचवतो.

दुरुस्तीवाला असल्यामुळे या यंत्रांचा इतिहास माझ्या डोक्यात 'हे उघडायचं कसं' या क्रमाने बसलेला आहे. १९७७चा 'कमोडोर पेट' हा संगणक घ्या. स्क्रीन, कीबोर्ड आणि कॅसेट प्लेअर एकाच पेटीत. पुढचे स्क्रू काढले की वरचा अख्खा भाग मोटारीच्या बॉनेटसारखा उचलायचा, आणि तो तसाच उभा राहावा म्हणून आत टेकूची दांडीसुद्धा दिलेली. बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं की हे कुणीतरी उघडणार आहे.

जानेवारी १९८४मध्ये ॲपलचा पहिला मॅकिंटॉश आला. ९ इंची कृष्णधवल स्क्रीन, १२८ केबी मेमरी, एक फ्लॉपी ड्राइव्ह. पेटीच्या आतल्या बाजूला तो घडवणाऱ्या मंडळींच्या सह्या उमटवलेल्या होत्या, पण ग्राहकाने आत डोकावावं अशी अपेक्षा नव्हती. हँडलच्या खोबणीतले टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू इतके खोल की लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागायचा. यात थोडं तथ्यही होतं. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. ट्यूबवालं कुठलंही यंत्र हाती आलं की आम्ही आधी ट्यूब डिस्चार्ज करतो, मगच बोट लावतो.

१९९८चा निळा, अर्धपारदर्शक आयमॅक दिसायला देखणा होता. फ्लॉपी नाही, सगळं यूएसबीवर, हे तेव्हा धाडसाचं होतं. आत मात्र १५ इंची ट्यूबच होती आणि वजन १७ किलोंच्या आसपास. चाळीच्या जिन्याने तो वर चढवणाऱ्याला विचारा! २००२मध्ये सपाट स्क्रीन आणि खाली अर्धगोल बैठक असलेला आयमॅक आला. आजचा आकार रूढ झाला तो २००४च्या आयमॅक जी५ने. अख्खा संगणक सपाट स्क्रीनच्या पाठीमागे. आणि त्याचं मागचं झाकण तीन स्क्रू सैल केले की हातात यायचं. पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क, मेमरी सगळं समोर मांडलेलं. एका पेटीत सगळं बसवूनही ती पेटी ग्राहकाला उघडता येते, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

पुढची पावलं उलटी पडली. २००७च्या ॲल्युमिनियमच्या आयमॅकची काच चुंबकांवर धरलेली असायची. सक्शन कप लावून ती काढता येई, धूळ मात्र सांभाळावी लागे. २०१२ला कड ५ मिलिमीटरवर आणली, काच आणि पॅनल एकजीव केलं आणि ते चिकटपट्टीने चेसिसला डकवलं. तेव्हापासून उघडायचं म्हणजे पट्टी कापत जायचं आणि बसवताना नवी पट्टी लावायची. हात जरा चुकला की पॅनलला तडा. २०२१चा २४ इंची आयमॅक तर जेमतेम ११.५ मिलिमीटर जाडीचा. पॉवर सप्लाय बाहेर ॲडॉप्टरमध्ये गेला आणि मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसली, म्हणजे ती नंतर वाढवता येत नाही.

विंडोजवाल्या ऑल-इन-वनमध्येही बरेचसे सुटे भाग लॅपटॉपच्या जातीचे असतात. पातळ पेटीत हवा खेळत नाही. त्यात आपली दमट हवा आणि रस्त्याची धूळ, त्यामुळे पंखा चोंदतो, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट सुकते आणि बोर्ड तापून जातो. स्क्रीनला मात्र काही होत नाही. एलईडी बॅकलाइटचं बरं पॅनल संगणकापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. ट्यूबच्या काळात हा प्रश्न एवढा टोचत नव्हता, कारण ट्यूबही म्हातारी व्हायची. आता दोन वेगवेगळ्या आयुष्यांच्या वस्तू एकत्र डकवल्या जातात आणि आधी मरणारी दुसरीला सोबत घेऊन जाते.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाहीत. वेगळा डबा आणि मॉनिटर असणाऱ्याने फक्त डबा बदलला. ऑल-इन-वनवाल्याला चांगल्या स्क्रीनचे पैसे पुन्हा मोजावे लागले.

यावर उपाय आहे आणि तो बाजारात येऊनही गेला आहे. २००९च्या २७ इंची आयमॅकमध्ये 'टार्गेट डिस्प्ले मोड' होता. केबल जोडली की आयमॅक दुसऱ्या संगणकाचा मॉनिटर व्हायचा. २०१४च्या ५के आयमॅकमध्ये ही सोय गेली, कारण ५१२० गुणिले २८८० पिक्सेल त्या वेळच्या डिस्प्लेपोर्टच्या, म्हणजे मॉनिटरला चित्र पोचवणाऱ्या केबलच्या, एका जोडणीत मावत नव्हते. ती अडचण खरी होती. पण आज ५के मॉनिटर एका केबलवर चालतात आणि सोय काही परत आलेली नाही. लेनोवोच्या 'टायनी-इन-वन'मध्ये छोटा संगणक मॉनिटरच्या पाठीत सरकवायचा असतो, डेलने २०१९मध्ये ऑप्टिप्लेक्स अल्ट्राचा संगणक स्टँडमध्ये बसवला. दोन्हींत संगणक बदला, स्क्रीन तीच ठेवा. टेबलावर जागा तेवढीच लागते.

म्हणून खरेदी करणाऱ्या संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे. निविदेत प्रोसेसर आणि मेमरी लिहिता, तसं 'व्हिडिओ इनपुट हवा', म्हणजे बाहेरच्या संगणकाचं चित्र आत घेणारी जोडणी हवी, हेही लिहा. काही मॉडेलांना एचडीएमआय-इन असतं. पण बहुतेकांना फक्त आउट असतं आणि दोन्ही छिद्रं दिसायला सारखीच. दुकानदाराला संगणक बंद ठेवून लॅपटॉप जोडायला सांगा आणि स्क्रीनवर चित्र येतं का ते डोळ्यांनी पाहा. मागचं झाकण स्क्रूवर आहे की गोंदावर, आणि मेमरी व एसएसडी बदलता येतात का, तेही तिथेच विचारून घ्या.

सरकारकडेही एक मागणी आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करणं किती सोपं याला गुण देण्यासाठी, २०२४मध्ये समिती नेमली, तिचा अहवालही आला, पण सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून करायची आहे. पुढच्या टप्प्यात ऑल-इन-वन घ्यावेत आणि संगणक मेल्यावर स्क्रीन वापरता येते की नाही, याला त्यात गुण असावेत.

ज्यांच्याकडे असा संगणक आधीच पडून आहे त्यांनी तो किलोवर देण्याची घाई करू नये. बोर्ड चालू असेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून वाचनालयातला कॅटलॉग किंवा मुलांचं टायपिंग आरामात चालतं. बोर्ड गेला असेल तर आधी हार्ड डिस्क काढून जपून ठेवा. मग जाणकाराकडून पॅनल बाहेर काढून त्याच्या पाठीवरचा मॉडेल नंबर लिहून आणा. साध्या फुल एचडी पॅनलला जुळणारा कंट्रोलर बोर्ड, म्हणजे केबलमधून आलेलं चित्र पॅनलवर दाखवणारा छोटा बोर्ड, लॅमिंग्टन रोडवर बहुधा मिळतो, तो नव्या मॉनिटरपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि स्क्रीन एचडीएमआयवर चालू होते. ५के पॅनलचं हे काम खर्चिक आहे, तिथे आधी भाव विचारूनच पुढे जा.

आपला,
एक संगणक दुरुस्ती कारागीर
गिरगाव, मुंबई