घूं करणारी मोटर बहुतेक वेळा जळालेली नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात सुदामा नगरच्या एका ताईंचं पत्र वाचलं, की नळाला नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशी नेमकी पाण्याची मोटर नुसती घूं करते, फिरतच नाही, आणि मेकॅनिक दोन मिनिटं बघून म्हणाला "आंटी, जल गई, बाइंडिंग करानी पड़ेगी", म्हणजे वाइंडिंग, आतल्या तारेची गुंडाळी, नवी करावी लागेल, आणि अडीच हजार सांगून गेला. वाचून माझी पोह्यांची बशी तशीच राहिली. अहो ताई, जी घूं करतेय ती बहुतेक वेळा जळालेली नसते. जळायच्या वाटेवर असते एवढंच, आणि तिला वाटेवरून परत आणणं तुमच्या हातात आहे, फक्त घूं ऐकलं की लगेच स्विच बंद करायचा. आपण काय करतो, बंद करतो, चालू करतो, परत बंद, परत चालू, वरून एक थापटी मारतो, तेवढ्यात जळते ती.

हिला काय कळतं म्हणाल तर सांगते. आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, 22 वर्षं. हे आत बसून मोटरी भरायचे, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायचे, आणि मी गल्ल्यावर, पण गिऱ्हाईक नसलं की मीही कॉइल गुंडाळायला बसायचे, सील बदलायला तर मला यांच्यापेक्षा कमी वेळ लागायचा. आता दुकान नाही, पण गल्लीतल्या मोटरी अजून माझ्याकडेच येतात. म्हणजे मोटर जागेवर असते, मी जाते.

सिंगल फेज, म्हणजे घरच्या साध्या लाइटीवरच्या मोटरची गंमत अशी आहे की तिला लाइटीचा धक्का तर मिळतो पण कुठल्या बाजूला फिरायचं ते तिला कळत नाही. ते सांगतो कंडेन्सर, म्हणजे दुकानात ज्याला कपॅसिटर म्हणतात, ती मोटरवरच्या छोट्या डबीतली गोल नळकांडी. आत दुसरं एक वाइंडिंग असतं, त्यातला करंट हा थोडा पुढेमागे करून देतो आणि मग मोटर फिरायला लागते. कंडेन्सर कमजोर झाला की ती उभ्या जागी घूं करत राहते, आणि उभी मोटर चालत्या मोटरच्या पाच-सहा पट करंट ओढते. तो सगळा करंट उष्णता होऊन तारेवरच्या वार्निशला खातो. तो जळका गोडसर वास एकदा ज्याने घेतलाय तो विसरत नाही. काही मोटरींना आत प्रोटेक्टर असतो, गरम झाली की आपोआप बंद पडते आणि अर्ध्या तासाने परत चालते, लोकांना वाटतं भूत लागलं.

तर ताई, पहिलं काम, एमसीबी पाडा, प्लग काढा. नुसता स्विच बंद करून हात घालू नका, जुन्या घरांत स्विच न्यूट्रलवर लावलेले मी कितीतरी पाहिलेत. मग मोटरच्या मागच्या जाळीच्या मधोमध शाफ्टचं, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचं टोक दिसतं, बऱ्याच मोटरींना त्यावर पेचकस बसेल अशी खाच असते, नसली तर मागचं कव्हर काढून पंखा हातानं फिरवायचा. शाफ्ट हलका फिरला तर जाम नाही, मग बहुतेक कंडेन्सर नाहीतर व्होल्टेज. नाही फिरला तर बहुतेक आत इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चाक, चिकटलंय.

चिकटण्याचं सांगते. एकदा एक आजोबा स्कूटरच्या पायदानावर पोत्यात बांधून मोटर घेऊन आले, दोन महिने पुण्याला मुलाकडे राहून परतले होते, तीन मेकॅनिकांनी जळाली सांगितलेली. यांनी पोतं पूर्ण सोडलंसुद्धा नाही, मागून पेचकस घातला, कट् असा आवाज झाला आणि शाफ्ट फिरला. पुढचं झाकण उघडलं तर इम्पेलरवर पांढऱ्या खाराचा थर, कुकरच्या तळाला बसतो ना तसाच, बोअरिंगचं पाणी आपल्या माळव्यातलं. खरवडला, थोडं ग्रीस, झालं. आजोबांना पटेचना, म्हणे "मग जळालं काय होतं?" म्हणून घरी कुलूप लावून जाणार असाल तर परत आल्यावर स्विच दाबायच्या आधी एकदा हातानं फिरवून बघा, आणि घरी असाल तर आठवड्यातून दोन मिनिटं तरी मोटर चालवा.

कंडेन्सर बदलायचा असेल तर त्यात लाइट साठलेली राहते, प्लग काढल्यावरसुद्धा. बरेच जण दोन्ही टोकांना पेचकस लावून फटाका काढतात, ते करू नका, होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा जुना पिवळा बल्ब दोन्ही टोकांना लावा, रिकामा होतो. जुना नळकांडा फेकायचा नाही, खिशात घालून महाराणी रोडला जायचं आणि दुकानदाराला दाखवून त्याच आकड्याचा घ्यायचा. अर्ध्या एचपीला बहुतेक 10 मायक्रोफॅरड असतो, एकला 20-25, पण मोटरच्या प्लेटवर जे लिहिलंय तेच खरं. शे-दीडशेत काम होतं. आणि कोणी म्हणालं की थोडा मोठा टाकून देतो, जोरात चालेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. मोठ्या कंडेन्सरनं सुरू झटक्यात होते, खरंय, पण दुसऱ्या वाइंडिंगमधून दिवसभर जास्त करंट जातो आणि सहा महिन्यांनी ती खरंच भरायला येते.

आता खरी गोष्ट. ताईंनी लिहिलंय की नर्मदेच्या दिवशीच असं होतं. मला तर कंडेन्सरच्या आधी व्होल्टेजचाच संशय येतो. आपल्याकडे पाणी एक दिवसाआड, तेही ठरलेल्या वेळेला, म्हणजे गल्लीतल्या तीस घरांनी तीस मोटरी एकदम चालू केल्या. 230 चं व्होल्टेज 180 वर येतं. लोकांना वाटतं थोडंच तर कमी झालं, पण मोटरचा उचलायचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, 180 ला जोर साठ-एकसष्ट टक्केच उरतो. त्यात कंडेन्सर जरा जुना असला की झालं, घूं. दुपारी मेकॅनिक येतो तेव्हा तीच मोटर टुणकन चालते, किंवा त्यानं आल्याबरोबर जळाली म्हणून काढूनच नेलेली असते.

माझा प्रश्न असा की नर्मदेच्या वेळेलाच मोटर कशाला? नर्मदेकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर घाट चढून पाणी आलं, ते हौदात आपल्या दाबानं पडतंच की. हौदातून गच्चीवर चढवायचं ते दुपारी दोनला चढवा, रात्री दहाला चढवा, कोण अडवतंय. नर्मदेच्या वेळेला मोटर लागते ती फक्त ज्यांनी थेट लाइनला मोटर लावलीये त्यांना. ते नियमात बसत नाहीच, पण त्याहून वाईट म्हणजे मोटर लाइनमध्ये ओढ निर्माण करते आणि कुठे जॉइंट गळत असेल तर बाहेरचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. ताई तसं करत असतील असं मी म्हणत नाहीये, माझ्या समोरच्या घरात होतंय म्हणून लिहितेय, त्यांच्याकडे पण हाच पेपर येतो.

मोटर फिरते पण पाणी नाही, हे वेगळं दुखणं, त्यात वाइंडिंगचा काही संबंध नाही. फुटवॉल्व, ओढणाऱ्या पाइपाच्या तळाची पाणी परत जाऊ न देणारी झडप, जिला गिऱ्हाईकं सगळी फुटबॉल म्हणायची, त्याच्यात कचरा अडकतो आणि पाइपातलं पाणी उतरून जातं, किंवा ओढणाऱ्या पाइपाच्या जॉइंटमधून हवा जाते. पाणी भरून बघा, टेफलॉन बदला. आणि ओढायचा पाइप उंच असेल तर कितीही मोठी मोटर आणा, सात-साडेसात मीटरच्या वर वरून ओढून पाणी येणं अवघड. ढकलायला ती चार मजले ढकलेल. म्हणून मोटर नेहमी खाली, हौदाजवळ, गच्चीवर नाही. हे सांगायला लागतं कारण गच्चीवर बसवलेल्या मोटरी मी पाहिलेल्या आहेत.

पंप आणि मोटरच्या मधून थेंब थेंब पाणी गळतंय, ते मात्र लगेच करून घ्या. सील गेलंय. पाणी आत बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग किरकिरतं, मग रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, घासतो, मग खरंच भरावी लागते. कोरडी चालवली की सील जातं, म्हणून हौद रिकामा असताना मोटर लावून आंघोळीला जाऊ नका.

खोटं कशाला बोलू, मेमध्ये दुकानात मोटरींची रांग लागली की आम्हीही प्रत्येक मोटर नीट तपासत नव्हतो, गिऱ्हाईक जळाली म्हणतंय ना, फाडा आणि भरा. सगळे मेकॅनिक लुटतात असं म्हणून मोकळं व्हायचं नाही मला, घाई जास्त असते. पण गिऱ्हाईकानं विचारलं तर आम्ही उघडून दाखवायचो. तुम्हीही विचारा. जळालेलं वाइंडिंग बहुतेक काळंठिक्कर असतं, वास मारतं, चालू केलं की बऱ्याचदा एमसीबी पडतो. लालसर चकचकीत असेल तर थांबवा. आणि भरून घेतलीच तर दोन गोष्टी, जुनं तांबं परत मागा, ते भंगारात चांगल्या भावानं जातं आणि ते तुमचं आहे, आणि नवी तार टोकाला ब्लेडनं खरवडून बघा, वरून रंग तांब्यासारखाच असतो, आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम.

ताई, आधी दुपारी दोनला एकदा चालवून बघा. चालली तर अडीच हजार वाचले, नाही चालली तर शाफ्ट फिरवून काय झालं ते याच पानावर कळवा. मेकॅनिकनं मोटर नेली असेल तर आजच फोन करून सांगा की उघडायची नाही.

आपली,
गल्ल्यावरची काकू
लोकमान्य नगर, इंदूर