नॉर्वेला जायचंय? आधी महिना ठरवा, टूर नंतर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पेपरात परदेश टूरच्या पानभर जाहिराती सुरू होतात आणि हल्ली त्यात नॉर्वे, स्वीडन, फिनलंड बरंच दिसायला लागलंय. छानच आहे, लोकांनी जावं. पण मे-जूनच्या टूरवर हिरव्यागार नॉर्दर्न लाइट्सचा, म्हणजे ध्रुवाजवळ रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाचा, फोटो बघितला की मला राहवत नाही, म्हणून हे पत्र. अहो, मे-जूनमध्ये उत्तर नॉर्वेत त्या दिसूच शकत नाहीत, तेव्हा तिथे अंधारच पडत नाही! लोक आयुष्यभराची बचत घेऊन जातात, त्यांना हे बुकिंगच्या आधी कळायला नको का?

आमच्या घरात नॉर्वे हा विषय कित्येक वर्षांचा आहे. सासूबाई शाळेत भूगोल शिकवायच्या, पृथ्वीचा कललेला आस फळ्यावर काढून मध्यरात्रीचा सूर्य त्यांनी मुलांच्या कितीतरी बॅचेसना समजावला, स्वतः मात्र बघितला नाही आणि आता त्यांना तो बघायचाय. मुलांना हव्यात नॉर्दर्न लाइट्स. कधी रजा नाही, कधी घराचे हप्ते, कधी कोणाचं तरी ऑपरेशन असं करत करत आत्ता कुठे सगळं जुळून आलंय, म्हणून मी रोज रात्री जेवणं झाली की नकाशा आणि वही घेऊन बसते. आणि माहिती काढताना सगळ्यात आधी हेच लक्षात आलं की आजी आणि नातवंडं दोघांचं एका ट्रिपमध्ये जमणार नाही.

ट्रॉम्सो हे गाव आर्क्टिक वृत्ताच्याही साधारण 350 किलोमीटर उत्तरेला आहे. तिथे साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळत नाही आणि नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजाच्या वर येत नाही. नॉर्दर्न लाइट्स खरं तर उन्हाळ्यातही वर असतात, पण आकाश इतकं उजळ असतं की दिसत नाहीत, त्यासाठी सप्टेंबर ते मार्चअखेरचा काळोख लागतो. म्हणजे आपल्या सुट्ट्यांच्या हिशोबात बोलायचं तर मेचा शेवट आणि जूनचा पहिला आठवडा हा मध्यरात्रीच्या सूर्याचा आणि दिवाळीची सुट्टी नॉर्दर्न लाइट्सची. त्यातही दिवाळीत जाऊन दिसतीलच असं कोणीही लिहून देऊ शकत नाही, ढग आले की संपलं, म्हणून तिथे निदान तीन-चार रात्री हाताशी ठेवायला हव्यात. एका रात्रीत 'नॉर्दर्न लाइट्स दर्शन' उरकणाऱ्या टूरचं मला म्हणूनच नवल वाटतं.

आम्ही आजींचा सूर्य निवडलाय. मुलांना पुढे आयुष्य पडलंय आणि हिवाळ्यात तिकडच्या फुटपाथवर बर्फ घट्ट होऊन बसतो, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावरून चालवणं मला तरी पटत नाही. शिवाय जूनच्या सुरुवातीला डोंगरावरचा बर्फ वितळत असतो त्यामुळे धबधबे भरून वाहतात, हाही फायदा. फक्त 17 मे टाळा किंवा मुद्दाम गाठा, तो त्यांचा राज्यघटनेचा दिवस, 1814 पासूनचा. त्या दिवशी रस्त्यारस्त्यावर शाळकरी मुलांच्या मिरवणुका असतात, पण दुकानं बंद.

दुसरी गोष्ट अंतराची. दहा दिवसांत चार देश हा प्रकार मला अजिबात आवडत नाही. ऑस्लो ते ट्रॉम्सो रस्त्याने 1600 किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे जवळजवळ सांगली ते दिल्ली, आणि हे एकाच देशात! त्यामुळे तिथे विमानाने जायचं, पावणेदोन-दोन तास लागतात. पण ऑस्लो ते पश्चिम किनाऱ्यावरचं बर्गन शहर हा प्रवास मात्र ट्रेननेच करावा असं माझं ठाम मत झालंय. ही लाइन 1909 ची, साडेसहा-सात तासांचा प्रवास, मध्ये फिन्से नावाचं स्टेशन 1222 मीटर उंचीवर आहे, जूनमध्येही आजूबाजूला बर्फ असतो. वाटेत मिर्डालला उतरून फ्लोमची छोटी ट्रेन पकडायची, ती 20 किलोमीटरमध्ये 866 मीटर उंचीवरून थेट फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या, पाण्यापाशी उतरते. पुढे फ्लोमहून गुडवांगेनला बोटीने साधारण दोन तास, त्यात नेरॉयफ्योर्ड लागतो जो 2005 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, एका ठिकाणी तो जेमतेम 250 मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना उभे कडे. मग बसने वॉस या गावाला आणि तिथून परत ट्रेनने बर्गन. हे सगळं सलग पॅकेज म्हणूनही मिळतं, पण प्रत्येक तिकीट आपलं आपण काढता येतं, एंटुर या अ‍ॅपवर देशभरातल्या ट्रेन-बस-बोटींच्या वेळा आहेत, ट्रेनची तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात आणि 67 च्या पुढच्यांना सवलत असते. टूरवाल्यांबद्दल माझी तक्रार नाही, ज्येष्ठांना सोबत लागते हे मला कळतं, पण स्वतः करता येतं हेही वाचकांना कळू दे.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसाच लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी, पण तेवढं थांबूच नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळवण्यातच वेळ जातो. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, आणि मेडिकल इन्शुरन्स कमीत कमी 30 हजार युरोचा हवा. ज्येष्ठांना बीपी-शुगर असेल तर पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

खाण्याचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे बॅगेत तूप, पेढे, चितळ्यांची बाकरवडी सगळं एकदम भरतात. युरोपियन आर्थिक क्षेत्राच्या बाहेरून नॉर्वेत दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला प्रवाशांना मनाई आहे, म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर नको. भाजणी, मेतकूट, मसाले न्या. हॉटेलात खाणं प्रचंड महाग आहे, त्यामुळे आम्ही किचन असलेलं अपार्टमेंट बघतोय, किवी किंवा रेमा 1000 या तिकडच्या सुपरमार्केटमधून भाजी आणली की वरण-भात-भाजी घरीच. रविवारी मोठी दुकानं बंद असतात तेव्हा शनिवारीच सामान भरायचं. पाणी नळाचं बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. आणि बर्गनला वर्षातले 200 हून जास्त दिवस पाऊस असतो, छत्रीपेक्षा चांगला रेनकोट घ्या. ट्रॉम्सोत झोपायला डोळ्यांवरची पट्टी न्या, रात्री दोनलाही ऊन असतं, आजींनी मात्र आत्ताच सांगून ठेवलंय की त्या झोपणार नाहीत.

तर माझी विनंती अशी की आपल्या पर्यटन पुरवणीत जाहिरातींच्या शेजारी महिन्यानुसार एक चौकट छापावी, कोणत्या महिन्यात कुठे किती तास उजेड, काय दिसेल, काय दिसणार नाही, चालणं किती, शाकाहारी माणसाने काय खावं. जे जाऊन आलेत त्यांच्याकडून खर्चाच्या खऱ्या आकड्यांसकट अनुभव मागवा. आम्ही गेलो आणि आलो की आमचा हिशोब मी पहिली पाठवेन.

आपली,
एक वाचक, सांगली