एडिसनच्या वकीलबाईंचे आभार

अमेरिकेत नोकरी गेली की एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्याच्या हातात नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस. आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल ते सांगणाऱ्या प्रवेश-नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका वकीलबाईंनी फीचं बोलायच्या आधी माझा आय-९४ मागितला, तारखेभोवती पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाल्या, "शेवटच्या पे-स्लिपा काढा, मग बोलू." त्या स्वतः एफ-१वर (विद्यार्थी व्हिसावर) आलेल्या, त्यामुळे जिवाची धाकधूक समजावून सांगावी लागली नाही. 'काम होईलच' असं मात्र एकदाही म्हणाल्या नाहीत. (मला तेच पटलं!) नव्या कंपनीचा माझ्या एच-१बीसाठीचा अर्ज मुदतीत गेला. रात्री उशिरापर्यंत कागद जुळवणाऱ्या त्यांच्या सहायक ताई आणि लेकीला शाळेतून आणणाऱ्या शेजारच्या काकू, तुमचेही मनापासून आभार. नावं नकोत म्हणालात, म्हणून लिहीत नाही.