गालिचा, झिपची पिशवी आणि आपली शहाबादी फरशी

एडिंबरा, डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर पिल्लूच्या हाताखाली लाल-पिवळं बघून केवढ्यानं ओरडलीस, "अगं, रंग तोंडात घालील ती!" तेवढ्यात रेंज गेली आणि सांगायचं राहूनच गेलं. तिच्या हाताला थेंबभरही रंग लागला नव्हता. रंग पिशवीत होता, ती वरून चापट्या मारत होती.

इथं आता दुपारी पावणेचारलाच दिवस मावळतो. बाहेर बोचरा वारा, आत सात महिन्यांची पोर, आणि भाड्याच्या घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिकट गालिचा. डाग पडला की डिपॉझिटमधून पैसे कापणार. तू म्हणशील, "फरशी पुसून घेतो की, त्यात काय!" पण फरशीच नाही ना आई.

म्हणून ही पिशवी. जाड प्लॅस्टिकची झिपवाली घ्यायची, आत लहान मुलांच्या रंगातले दोन रंग चमचा-चमचा टाकायचे, हवा काढून झिप लावायची आणि चारी कडांना रुंद चिकटपट्टी मारून ती जमिनीलाच चिकटवायची. मग पोरीला समोर पालथं घालायचं. एरवी पालथं घातलं की दोन मिनिटांत रडते. पिशवी असली की मान वर करून बघत बसते. एकदा निळा आणि पिवळा टाकला होता. तिनं तळवा दाबला तसा पिवळा सरकत निळ्यात गेला आणि बोटांच्या फटीतून हिरवा आला. तिनं हात उचलून तळवा पाहिला. तिथं काहीच नाही! परत दाबला, परत पाहिला. असं सात-आठ वेळा. मी चहा गार होईस्तोवर बघत बसले.

पहिल्यांदा फजिती झाली होती हं. मी नुसती झिप लावून पिशवी तिच्या हातात दिली. खालचे दोन दात आलेत, तिनं कोपरा धरून चावला आणि लाल रंग गालिच्यावर. तिच्या तोंडात गेला नाही, एवढंच नशीब. थंड पाणी, साबण, सगळं करून पाहिलं. आता त्या जागी खुर्ची ठेवलीय, तुझ्या जावयांना अजून पत्ता नाही. तेव्हापासून पिशवीत पिशवी घालते, हातात देत नाही आणि जागची हलत नाही. तोंडावर प्लॅस्टिक ओढून घेतलं तर केवढ्याला पडेल! आणि तू चटणी पाठवलेल्या पिशव्या कितीही धुतल्या तरी या कामाला नाहीत. वास जात नाही, आणि तिखटाचा हात डोळ्याला लागला तर संपलंच.

कधी रंगाआधी पिशवीत जाड कागद सरकवते. पोरगी दहा मिनिटं बडवते, मग कागद काढून वाळवायचा. त्यातला एक बाबांना पाठवतेय. ते लगेच आपलं कोल्हापूर म्हणजे कलापूर म्हणतील, चित्रकार आबालाल रहिमान रंकाळ्याच्या काठी बसून कशी चित्रं काढायचे ते सांगतील. सांगू देत.

पण दादाच्या छोटूसाठी हे प्लॅस्टिक कशाला? आपल्या सोप्यात शहाबादी फरशी आहे. त्याला मांडीवर घेऊन बस, त्याचं बोट वाटीतल्या पाण्यात बुडव आणि फरशीवरून ओढ. ओली रेघ काळी उमटते, बघता बघता वाळून जाते. पुसायचं सुद्धा नाही. पाच महिन्यांचा झालाय, रंगही दिसतात आता. छोट्या बाटलीत अर्धं पाणी, खायच्या रंगाचा थेंब आणि वर गोडं तेल घाल. हलवलं की एक होतं, ठेवलं की तेल पुन्हा वर. टोपण मात्र गोंदानं पक्कं चिकटव. उष्टावण झाल्यावर दह्यात बिटाचा रस कालवून ताटात दे, चाटलं तरी चालेल.

आणि रंगाला एवढी घाबरतेस, मग मधाचं बोट चाटवायला कशी घाबरत नाहीस? वर्षाच्या आत मध नकोच. त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. वहिनीला मी सांगितलंय, आता तुलाही सांगते. रागावू नको.

वरच्या मजल्यावर बाळंतीण आलीय म्हणालीस ना? इतक्या लहान बाळाला लांबचं दिसत नाही. काळ्या पाटीवर खडूनं जाड पट्टे ओढून वीतभर अंतरावर धरायला सांग.

छोटूचा फरशीवरचा व्हिडिओ पाठव, आणि पुढच्या पार्सलात चटणी दोन पिशव्यांत घाल. मागच्या वेळी लाडूंनाही वास लागला होता.

तुझी,
माई