विषय: सिंधुदुर्ग वाळवंटात नेल्याबद्दल तक्रार व वार्षिक वर्गणी परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाने आत्ताच फोन ठेवला. ठेवताना विचारलं, "आणखी काही मदत करू का?" आधीची मदत कुठली, ते कळलं नाही, म्हणून हे पत्र.

तुमचं टूल टिपणांवरून एआयने स्लाइड बनवतं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मला मालवणातल्या होमस्टेवाल्यांसमोर दाखवायला स्लाइड हव्या होत्या. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला सिंधुदुर्ग आहे, तर येणाऱ्या पाहुण्यांना काय सांगायचं, एवढाच विषय. टिपणं माझी, मराठीत.

पहिल्याच स्लाइडवर तुमच्या एआयने सिंधुदुर्ग म्हणून पिवळ्या दगडाचा, छत्र्या-घुमटांचा किल्ला काढला. पायथ्याशी वाळू, वाळूत उंट. आणि त्याखाली माझंच वाक्य : "1664 साली कुरटे बेटावर बांधकामाला सुरुवात." पुढे किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. तिथे दुधाची बाटली, दह्याचं मडकं आणि साखरेचं पोतं. मथळा "महाराष्ट्रातील 12 किल्ले". माझ्या टिपणात, त्या बारांतला जिंजी तमिळनाडूत आहे असं स्वच्छ लिहिलेलं होतं. टूलने ते गाळलं. वर मी न मागितलेला एक आलेख, "पर्यटकांत 47% वाढ". कुठून आणली ही वाढ? तर म्हणे नमुन्याचा आकडा आहे, बदलून घ्या. नमुन्याचा आहे असं स्लाइडवर कुठेच लिहिलेलं नाही.

एक चित्र बदलायला "पुन्हा बनवा" दाबलं की सगळी स्लाइड बदलते, नीट केलेला मजकूरही, आणि पैसे भरून मिळालेलं वापराचं क्रेडिट कापलं जातं.

आता तो फोन. मी म्हटलं, हा सिंधुदुर्ग नाही. तो म्हणाला, "किला तो किला होता है ना, सर?" मी सांगितलं, अहो, हा समुद्रात आहे, होडीने जावं लागतं. तर म्हणे, मग प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे टूलला देतो त्या सूचनेत, समुद्र लिहा. मी "बेट" लिहिलं होतं. त्यावर, मराठी प्रॉम्प्ट कधीकधी समजत नाही, इंग्रजीत लिहून बघा. तुमच्या जाहिरातीत भाषांच्या यादीत मराठी आहे, पैसे त्यासाठीच भरले, असं म्हटल्यावर थोडी शांतता. आणि मग, समजूत घालावी तशा आवाजात : "लोक एवढं निरखून बघत नाहीत, सर."

कोण लोक? ज्यांच्या जेट्टीवरून रोज तो किल्ला दिसतो, ते? ज्यांची पोटं त्या किल्ल्याच्या होड्यांवर चालतात, ते? त्यांच्यासमोर मी उंट दाखवायचा आणि ते निरखून बघणार नाहीत! तुमच्या कंपनीत कुणी निरखून बघत नाही, हे मात्र पटलं.

पीडीएफचं तर बोलायलाच नको, तरी बोलतो. "दुर्ग"मधला रफार गवरून खाली उतरून एकटा उभा. "किल्ला"मध्ये पाय मोडका ल वेगळा आणि ला वेगळा. उपाय काय, तर फॉन्ट बदला. तुमच्या यादीतले देवनागरी फॉन्ट दोन, दोन्हींत तेच. आणि फॉन्ट बदलून पुन्हा बनवलं की पुन्हा क्रेडिट! तुमची चूक, तुमची दुरुस्ती, आणि पैसे माझे. शेवटी साध्या पांढऱ्या पानांवर काळी अक्षरं आणि मोबाइलवर काढलेले माझेच फोटो घेऊन मी काम भागवलं. त्याला तुमची गरज नव्हती.

वाईट याचं वाटतं की ओळखीच्या दोघांना मीच हे टूल घ्यायला सांगितलं होतं. आता नको म्हणूनही सांगितलं आहे.

वर्षाची वर्गणी पूर्ण परत हवी आणि पुढच्या वर्षीचं आपोआप नूतनीकरण बंद हवं. माफी म्हणून क्रेडिट देऊ नका. 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जाईल, आणि तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहतो तिथेच ती दाखल करता येते. तुमचं कार्यालय कुठल्याही देशात असो.

उत्तर लेखी आणि मराठीत द्या. तुमच्याच टूलमधून काढलेल्या पीडीएफमध्ये मात्र नको, वाचता येत नाही.

एक ग्राहक,
मालवण