मोजल्याशिवाय सुई नाही : डॉक्टर मॅडमना अनावृत आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या भागातल्या ज्या घरांत मांजराला शुगर निघाली आणि जी घरं तुमच्याकडे येऊन पोचली, त्या सगळ्यांच्या वतीनं हे पत्र. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण पत्र चारचौघांसमोर ठेवतोय. तुम्ही ओपीडीच्या गर्दीत, मराठीत आणि लगेच पुढच्या माणसाला कन्नडात, न कंटाळता जे सांगता ते तुमच्यापर्यंत न पोचलेल्यांच्याही हाती लागावं म्हणून.

तुमचे आभार सगळ्यात आधी एका गोष्टीसाठी. मांजराला शुगर म्हटलं की माणसं जन्मभराच्या सुईच्या धास्तीनं येतात. तुम्ही पहिल्याच भेटीत सांगता की कुत्र्याला बहुधा जन्मभर सुई लागते, मांजराची सुटू शकते. मांजराचं दुखणं माणसाच्या टाइप 2 सारखं. वजन वाढलेलं, नसबंदी झालेला बोका, दिवसभर घरात, वाटीत कायम कोरडं खाणं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, स्वादुपिंडातल्या पेशी जादा काम करून थकतात आणि चढलेली साखर त्याच पेशींना आणखी मारते. बाहेरून इन्सुलिन देऊन साखर खाली ठेवली की त्या पेशींना विसावा मिळतो आणि ज्या शाबूत आहेत त्या पुन्हा कामाला लागतात. क्वीन्सलंड विद्यापीठाच्या जॅकी रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली छापलेल्या 55 मांजरांच्या अभ्यासाचे आकडे तुम्हाला तोंडपाठ आहेत. निदानापासून 6 महिन्यांच्या आत ग्लार्जिन (लांब टिकणारं इन्सुलिन) आणि घरची काटेकोर मोजणी सुरू केलेल्यांत 84 टक्के मांजरांची सुई सुटली, उशिरा सुरू केलेल्यांत 35 टक्के. म्हणून तुम्ही ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणाऱ्याला सोडत नाही.

दुसरे आभार टोपीच्या रंगासाठी. ‘आधी टोपी दाखवा ओ,’ हे तुमचं वाक्य आता आमच्या घरांत म्हणीसारखं झालंय. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये दोन जातीच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात, लाल टोपीची 40 ची आणि नारिंगी टोपीची 100 ची. माणसांच्या साध्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक 40 च्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. ग्लार्जिन 100 चं. ग्लार्जिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 1 च्या रेघेपर्यंत भरलं तर आत जातात अडीच युनिट. चार किलोच्या मांजराला ही चूक जिवावर बेतते. उलट 40 चं औषध नारिंगी सिरिंजमध्ये 1 पर्यंत भरलं तर जातं फक्त 0.4 युनिट, साखर उतरत नाही आणि माणूस डोस वाढवत सुटतो. घरात आजीला शुगर असेल तर दोन्ही सिरिंज एकाच डब्यात येतात, चूक तिथंच होते. तुमच्या सांगण्यावरून मांजराचा डबा आता सगळीकडे वेगळा आहे.

पेनचंही तसंच. साधं पेन एकेक युनिटनं फिरतं आणि दर वेळी आधी 2 युनिट हवेत सोडावे लागतात. अर्धा युनिट द्यायची वेळ आली की पेन कामाचं नाही. मग पेनच्या काडतुसातून (आतल्या औषधाच्या नळीतून) नारिंगी टोपीच्या 0.3 मिलिलिटरच्या बारीक सिरिंजनं ओढायचं, शक्यतो अर्ध्या युनिटच्या रेघा असलेल्या. काडतुसात हवा ढकलायची नाही, ग्लार्जिन हलवायचं नाही, पाणी किंवा दुसरं इन्सुलिन त्यात मिसळायचं नाही. पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे, गढूळ दिसलं की टाकून द्यायचं. फ्रीजच्या दारात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून चांगलं दिसलं तरी वापरायचं नाही. खानापूरकडे पावसाळ्यात वीज गेली की लोक घाबरून बाटली बर्फात घालतात, त्यांनाही हेच सांगायचं. फ्रीजचं दार बंद ठेवलं की आतला थंडावा काही तास टिकतो.

आता मोजणी. दवाखान्यात मांजर घाबरतं आणि घाबरल्यानं साखर चढते, म्हणून तिथला एकटा आकडा फसवा. घरी मोजायला तुम्ही शिकवलंत, तेही ज्या बारकाईनं! कान आधी कोमट करायचा, ऊन पाण्यात पिळलेला कापूस मिनिटभर धरून. गार कानातून रक्त येत नाही आणि मग माणूस चार-चार ठिकाणी टोचत बसतो. कानाच्या कडेनं जाणारी बारीक शीर उजेडात धरली की दिसते. टोचायचं त्या शिरेच्या आणि कडेच्या मध्ये, शिरेत नाही. व्हॅसलिनचा पुसट हात लावला की रक्त केसांत पसरत नाही, मोहरीएवढा थेंब उभा राहतो. पाठीमागून कापसाचा बोळा धरायचा, म्हणजे सुई आरपार जाऊन आपल्या बोटात शिरत नाही. थेंब पट्टीला टेकवायचा, पट्टी तो आपोआप ओढून घेते. मग कापूस दाबून अर्धा मिनिट, आणि लगेच उकडलेल्या कोंबडीचा एक धागा. आठवड्याभरात बोकाच वेळेवर येऊन कान पुढं करतो.

माणसांचं ग्लुकोमीटर चालतं, पण मांजराच्या रक्तात ते प्राण्यांच्या मीटरपेक्षा थोडं कमी दाखवतं. म्हणून मीटर बदलायचं नाही आणि दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून बघायचं नाही. पट्ट्यांच्या डबीचं झाकण पावसाळ्यात क्षणभरही उघडं नको, दमट हवेनं पट्टी खोटं बोलते.

क्रम ठरलेला, सकाळी 7 आणि संध्याकाळी 7. आधी मोजायचं, मग खायला द्यायचं, खाल्लं की सुई. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट नाही. टोचताना औषध केसांतच गेलं असं वाटलं तर पुन्हा टोचायचं नाही. एक डोस कमी गेला तर साखर थोडी चढेल, दोनदा गेला तर मांजर हातचं जाऊ शकतं. अर्धंच खाल्लं तर निम्मा डोस आणि तुम्हाला फोन. खाल्लंच नाही तर सुई थांबवून फोन. पण न खाण्याबरोबर उलट्या, मरगळ असेल तर नुसतं थांबून चालत नाही. मूत लांब दांड्याच्या पळीत धरून कीटोनची (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणाऱ्या आम्लांची) पट्टी बघायची, रंग चढला तर त्याच दिवशी दवाखाना.

खाण्याबद्दल आपल्या भागात सगळ्यात जास्त समजावावं लागतं. मांजर म्हटलं की दूध-भाकरी, दूध-भात. सणाला कुंद्याचं बोटही कुणीतरी चाटवतंच. हे सगळं बंद. रश्शातला मासाही बंद, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. कोरडं खाणं महाग असलं तरी त्यात पिष्ट (कार्बोहायड्रेट) किती, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं, काढावं लागतं. तुमचा हिशेब इथं देतोच. शंभरातून प्रथिनं, स्निग्ध, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करायची. राख छापली नसेल तर कोरड्याला 8, ओल्याला 2 धरायची. समजा कोरड्या खाण्यात प्रथिनं 32, स्निग्ध 12, तंतू 4, ओलावा 10, राख 8. उरलं 34. आता प्रथिनं आणि पिष्टाला साडेतीन कॅलरींनी, स्निग्धाला साडेआठांनी गुणायचं, म्हणजे 112, 119 आणि 102. एकूण 333 कॅलरींत पिष्टाच्या 119, छत्तीस टक्के झाल्या. ओल्या पाउचमध्ये प्रथिनं 11, स्निग्ध 4.5, तंतू 1, ओलावा 80, राख 2 असेल तर पिष्ट दीड, म्हणजे कॅलरींच्या जेमतेम साडेसहा टक्के. आपल्याला हवं 12 टक्क्यांच्या आत. दाट ग्रेव्हीच्या पाउचमध्ये पीठ असतं, जेलीचं किंवा लगद्याचं बरं, पण हिशेब करूनच. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 कॅलरी, म्हणजे असे 80 ग्रॅमचे तीन पाउच. नुसती उकडलेली कोंबडी पोट भरते, पण तिच्यात कॅल्शियम नाही आणि टॉरिन (मांजराच्या हृदयाला आणि डोळ्यांना लागणारं द्रव्य) पुरेसं नाही. ती रोजच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत, त्याहून जास्त नको.

आणि इथंच तुमची ती ताकीद, जिच्यामुळे किती मांजरं वाचली असतील. कोरडं खाणं एका रात्रीत बंद करून ओलं सुरू केलं आणि इन्सुलिन तेवढंच ठेवलं, तर साखर धाडकन खाली येते. पिष्ट गेलं की इन्सुलिनची गरजही घटते, कधी दोन दिवसांत. त्यामुळे बदल 7 ते 10 दिवसांत हळूहळू, त्या काळात मोजणी रोज, आणि डोस तुम्हाला विचारून आधीच कमी. जाडं मांजर उपाशीही ठेवायचं नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतात चरबी भरते. वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरलं तर पुरे, चार किलोला 20 ते 40 ग्रॅम. त्यासाठी बाळांचा वजनकाटा लागतो, बाथरूमच्या काट्यावर हा फरक दिसत नाही.

सुई सुटायच्या टप्प्यावर माणूस गाफील होतो. बोका पाणी कमी पितो, वाळूत गोळे लहान होतात, जो मागच्या पायाच्या टाचा टेकून चालत होता तो पुन्हा चवड्यांवर उभा राहून कठड्यावर उडी मारतो. घरात आनंद, आणि डोस मात्र महिन्यापूर्वीचाच. मॅडम, ‘आता भीती वरच्या साखरेची नाही, खालच्या साखरेची आहे,’ असं तुम्ही प्रत्येकाला हात धरून सांगितलंत. आठवड्यातून एक दिवस 12 तास दर 2 तासांनी मोजून तळ, म्हणजे दिवसातला सगळ्यात खालचा आकडा, कुठं आहे ते बघायचं. ग्लार्जिनचा तळ बहुधा 4 ते 8 तासांत येतो. तळ 80 ते 150 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असेल तर डोस बरोबर. 80 च्या खाली गेला तर अर्धा युनिट कमी. डोस वाढवायचा झाला तर 5 ते 7 दिवस थांबून, कारण ग्लार्जिन कातडीखाली साठून मुरतं आणि पूर्ण परिणाम दिसायला वेळ लागतो. कमी करायला मात्र थांबायचं नाही. सुईच्या वेळेला आकडा 150 च्या खाली असेल तर न विचारता टोचायचं नाही. एकावर आलेला डोस अर्ध्यावर, मग अर्धा युनिट दिवसातून एकदा, मग बंद, प्रत्येक पायरी तुमच्या सांगण्यावरून.

साखर 60 च्या खाली गेली, किंवा मांजर झोकांड्या खाऊ लागलं, एकटक बघू लागलं, अंग थरथरलं तर आधी हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज पावडरची घट्ट पेस्ट पाव ते अर्धा चमचा चोळायची. आपल्या भागात गूळ प्रत्येक घरात असतो, पण तो हिरड्यांतून शोषला जात नाही, आतड्यात जाऊन आधी फुटावा लागतो. काहीच नसेल तेव्हाच गूळ. शुद्धीत असेल तर खायला द्यायचं. झटके येत असतील तर तोंडात काही ओतायचं नाही आणि बोटही घालायचं नाही. 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि सावरलं तरी दवाखाना गाठायचा. मधाची बाटली इन्सुलिनच्या डब्याशेजारी, हा तुमचा नियम सगळे पाळतात.

सुई बंद झाल्यावर सलग 4 आठवडे साखर सुईशिवाय ठीक राहिली तरच तुम्ही ‘सुटली’ म्हणता. पहिले दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा मोजणी, आणि खाणं तेच. शुगर परत येऊ शकते. आकडा 200 च्या वर टिकून राहिला तर वेळ न घालवता सुई पुन्हा, कारण उशीर केला की दुसऱ्यांदा सुटणं अवघड. खाज सुटली म्हणून लांब टिकणाऱ्या स्टेरॉइडची सुई कुणी देऊ लागलं तर ‘याला शुगर होती’ हे आधी सांगायचं. दात किडले, मूत्रमार्गाला संसर्ग झाला तरी साखर चढते, आणि दात काढल्यावर ती अचानक उतरते. त्या आठवड्यात मोजणी दुप्पट.

ज्यांच्या बोक्यांची सुई सुटलीय त्या घरांत न उघडलेल्या पट्ट्यांच्या डब्या आणि नारिंगी टोपीच्या सिरिंज शिल्लक आहेत. तारखा तपासून, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘100’ लिहून, येत्या शनिवारी तुमच्या दवाखान्यात आणून देतोय. नव्यानं शुगर निघालेल्या मांजरांसाठी वापरा. उघडलेलं इन्सुलिन आणत नाही.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वरकडची मांजरं सांभाळणारी मंडळी