तरुणांच्या डायबिटीसचा टाईप अंदाजाने ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एआय आणि जनुकांवरून प्रत्येकाला वेगळी ट्रीटमेंट मिळणार असे लेख हल्ली तुमच्या आरोग्य पुरवणीत बरेच येतात, मी आवडीने वाचते, पण उदाहरणं सगळी अमेरिकेतली असतात आणि आपल्या पुण्यात झालेलं काम कुठेच येत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय.

पुण्याचं केईएम हॉस्पिटल, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडचं एक्सेटर विद्यापीठ यांनी मिळून 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पेशंटचा डायबिटीस टाईप 1 आहे की टाईप 2 हे त्याच्या जनुकांवरून सांगता येतं का, एवढाच प्रश्न. टाईप 1 मध्ये आपलीच इम्यून सिस्टिम स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, मग इन्सुलिनशिवाय जगता येत नाही. टाईप 2 बहुतेकदा गोळ्यांवर भागतो. आपल्याकडची अडचण अशी की टाईप 2 सुद्धा पंचविशी-तिशीत आणि अंगाने बारीक माणसांना होतो. केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एका इंग्रज डॉक्टरांसोबतचा 2004 मधला फोटो प्रसिद्ध आहे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! मग नुसतं बघून टाईप कसा ठरवणार?

या अभ्यासातल्या जनुकांच्या टेस्टमध्ये रक्तातून डीएनए काढून ठरावीक जागांवरचे बदल बघतात. त्यात मोठा वाटा एचएलए जनुकांचा, म्हणजे आपलं कोण आणि परकं कोण हे इम्यून सिस्टिमला दाखवणाऱ्या जनुकांचा. प्रत्येक बदलाला कमी-जास्त मार्क आणि शेवटी मार्कशीटसारखी बेरीज, तोच स्कोअर. पुण्यात टाईप 1 चे 262, टाईप 2 चे 352 आणि डायबिटीस नसलेले 334 जण तपासले, आणि आपल्या लोकांतही हा स्कोअर दोन्ही टाईप वेगळे करू शकतो हे दिसलं. मात्र युरोपियनांत जितका नेमका बसतो त्यापेक्षा थोडा कमी, कारण मार्क ठरले ते तिकडच्या लोकांच्या डेटावरून. 2016 मध्ये जगभरातल्या अशा जनुकीय अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी 81 टक्के लोक युरोपियन वंशाचे होते, त्यात आपण कितीसे असणार.

हे मला एवढं लागतं कारण माझ्या भाच्याला 19 व्या वर्षी शुगर निघाली तेव्हा आजोबांना डायबिटीस आहे म्हणून टाईप 2 धरून गोळ्या सुरू केल्या. पोराचं वजन उतरत गेलं, सारखी तहान, रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या, आणि एक दिवस उलट्या सुरू झाल्या, धाप लागली, तोंडाला पिकलेल्या फळांचा वास यायला लागला आणि ग्लुकोमीटरवर आकडाच नाही, नुसतं 'हाय', म्हणजे मीटरला मोजता येईल त्याहून जास्त. आयसीयूतून वाचला, मग अँटीबॉडी (इम्यून सिस्टिम आपल्याच पेशींवर उलटलीय का ते दाखवणारी टेस्ट) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते दाखवणारी टेस्ट) केल्यावर कळलं की टाईप 1 आहे. त्याचा पहिला केसपेपर अजून आमच्याकडे आहे, त्यावर फक्त 'डीएम', म्हणजे डायबिटीस, एवढंच लिहिलंय, टाईप नाही, त्रास कधीपासून ते नाही, वजनसुद्धा नाही. राज्यभर असेच केसपेपर लिहिले जात असतील तर कितीही हुशार कॉम्प्युटर आणला तरी तो त्यातून काय शिकणार?

जीनोम इंडिया या भारतीयांच्या जनुकांची नोंद करणाऱ्या सरकारी प्रकल्पाचा 10 हजारांहून जास्त लोकांचा डेटा जानेवारी 2025 मध्ये फरिदाबादच्या सेंटरमधून संशोधकांना खुला झाला, फार मोठं काम आहे ते, पण ती निरोगी माणसं आहेत. आजारी माणसाचा एचएलए, अँटीबॉडी, सी-पेप्टाइड आणि पाच वर्षांनी तो इन्सुलिनवर आहे की गोळ्यांवर, हे सगळं एकाच ठिकाणी जोडलं गेलं तरच आपले मार्क आपल्याला ठरवता येतील. आणि हे पेशंटला न विचारता होता कामा नये. संमतीचा कागद मराठीत हवा, वाचून दाखवायला हवा, आणि ही माहिती विमा कंपनीच्या हातात जाणार नाही हे त्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं, नाहीतर लोक रक्तच देणार नाहीत आणि त्यांचं चुकतंय असं मी तरी म्हणणार नाही.

नुसत्या स्कोअरवर निदान करा असं माझं म्हणणं नाही, शेवटी डॉक्टरच ठरवणार. पण जनुकं बदलत नाहीत, टेस्ट आयुष्यात एकदाच करायची, आणि अँटीबॉडी वर्षांनुवर्षांत कमी होत जातात तसं इथे होत नाही. तिशीच्या आत डायबिटीस निघालेल्या प्रत्येकाची किमान अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड टेस्ट तरी जिल्हा रुग्णालयात व्हावी, केसपेपरवर टाईपचा रकाना असावा आणि तो भरल्याशिवाय पेपर पुढे जाऊ नये. जिथे शंका उरते तिथे पुण्यात तपासून पाहिलेला हा स्कोअर वापरता येईल का, हे तुमच्या प्रतिनिधीने आरोग्य खात्याला विचारावं आणि मिळेल ते उत्तर छापावं ही विनंती.

आपली,
एक वाचक, कराड